ड्रॉप सी मधला चिखल आणि पिकअपची निवड

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. गिटार साडेपंचवीस इंच स्केलची, बासवूड लाकडाची, फ्लॉइड रोझ पद्धतीचा (स्प्रिंगवर तरंगणारा) ब्रिज, दोन हंबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप. स्ट्रिंग्ज १०-४६ जाडीच्या, ट्यूनिंग ड्रॉप सी, म्हणजे सहावी स्ट्रिंग ई वरून सी वर उतरवलेली. घरी ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपवरच्या अँप सिम्युलेटरवर (अँपचा आवाज देणाऱ्या सॉफ्टवेअरवर) वाजवता. वेगवान पाम म्यूटचा (तळहाताने स्ट्रिंग दाबून वाजवलेला) रिफ आला की फटके सुटे ऐकू येत नाहीत, सगळा चिखल होतो. म्हणून विचारलंय, ईएमजी ८१ आणि ६० ची जोडी घ्यावी की सिमोर डंकनचा एखादा जास्त आउटपुटचा पिकअप. आणि पैसे एकदाच घालता येतील, चूक परवडणार नाही.

पुण्यात गिटार दुरुस्तीचं काम करताना हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा ‘सगळ्यात हेवी पिकअप कुठला’ या रूपात येतो. तुमची अडचण मात्र वेगळी आहे. आवाज तुमच्याकडे जाड आहेच. तुम्हाला हवाय तो जाड स्ट्रिंगवरचा प्रत्येक फटका टाइट आणि सुटा. ही दोन कामं पिकअपकडून जवळपास उलट गोष्टी मागतात. जास्त जोराचा पिकअप बसवून चिखल आणखी घट्ट झालेल्या गिटारी माझ्या टेबलावर बऱ्याच आल्यात, म्हणून हे आधीच सांगतो.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय सोपे जातील. साध्या ट्यूनिंगमध्ये सहावी स्ट्रिंग ८२ हर्ट्झवर असते, ड्रॉप सी मध्ये ती ६५ वर उतरते. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलची टोकं कापणं. खालच्या सुरांच्या लाटा सगळ्यांत मोठ्या, त्यामुळे कापाकापी त्यांच्यापासूनच सुरू होते आणि पिक लागल्याचा वरचा ‘टक्’ त्या लाटेबरोबर चिरडला जातो. म्हणूनच मेटल वाजवणारी मंडळी अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावतात, ड्राइव्ह जवळपास शून्य आणि लेव्हल पूर्ण. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग ते पेडल वरच्या भागाइतका वाढवत नाही, म्हणजे डिस्टॉर्शनच्या तोंडाशी बेस आपोआप पातळ होतो. रेकॉर्डवर छातीवर बसणारा जो दणका ऐकू येतो, त्यातला मोठा वाटा बेस गिटार आणि किक ड्रमचा असतो. नुसता गिटारचा ट्रॅक ऐकलात तर तो किती सडपातळ आहे याचं आश्चर्य वाटेल.

याचाच फायदा घेऊन एक फुकटची चाचणी करता येते. अँप सिम्युलेटरच्या आधी, नंतर नाही, एक इक्वलायझर लावा. त्यात १०० ते १२० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, २०० च्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा आणि तोच रिफ परत वाजवा. फटके सुटे झाले, तर दुखणं डिस्टॉर्शनमध्ये शिरणाऱ्या बेसचं आहे आणि टाइट पिकअपने ते नक्की कमी होईल. काहीच फरक पडला नाही, तर दुखणं पिकअपच्या आधी आहे: स्ट्रिंगमध्ये, उंचीत किंवा उजव्या हातात. गिटारीत बसणाऱ्या दोन पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायच्या, पिकअपमधला बराचसा फरक हा शेवटी कुठला भाग किती जोरात पुढे जातो याचाच असतो. त्यामुळे डिस्टॉर्शनच्या आधीचा इक्वलायझर तुम्हाला नव्या पिकअपची बरीच जवळची कल्पना देतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी खरेदीआधी हे करायला लावतो.

आता स्ट्रिंगबद्दल. तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय तिचाच आहे. एकाच स्ट्रिंगचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ई वरून सी वर उतरलात की कंपनसंख्या सुमारे ७९ टक्के राहते, आणि ताण उरतो सुमारे ६३ टक्के. ४६ ची स्ट्रिंग या ताणात लोंबकळते. पिक लागला की तिचा सूर आधी वर जातो, मग जागेवर येतो, आणि म्यूट करणाऱ्या तळहाताखालीही ती डोलत राहते. हे डोलणं कुठलाही पिकअप इमानदारीने पुढेच पाठवणार. ई ला ४६ जेवढी ताठ वाटत होती तेवढा ताण सी ला हवा असेल तर हिशेबाने ५८ च्या जवळची स्ट्रिंग लागते. ५६ सुद्धा चालेल, ५२ म्हणजे अगदी किमान. फ्लॉइडवर हा बदल करताना ब्रिज पुढे झुकेल, मागच्या स्प्रिंगचा क्लॉ (स्प्रिंग अडकवलेली पट्टी) आवळावा लागेल, कदाचित एखादी स्प्रिंग वाढवावी लागेल, आणि ट्रस रॉडही (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) पाहावा लागेल. हे स्वतः कधी केलं नसेल तर कारागिराकडून करून घ्या. एका पिकअपच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

स्ट्रिंगच्या खालोखाल पिकअपची उंची. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा अशीच तक्रार घेऊन आला होता. नवीन पिकअप मागवलाय, तोपर्यंत जुना काढून ठेवा म्हणाला. मी गिटार टेबलावर आडवी टाकली, सहावी स्ट्रिंग शेवटच्या फ्रेटवर दाबली आणि स्टीलची पट्टी पिकअपच्या पोलवर, म्हणजे स्ट्रिंगखालच्या धातूच्या टोकावर, उभी धरली. मिलिमीटरभरसुद्धा जागा नव्हती. पावसाळ्याच्या दमट हवेत नेकचा बाक बदलला होता, आणि आवाज वाढावा म्हणून त्याने स्वतःच स्क्रू आवळत पिकअप वर आणला होता. पोलच्या टोकावर स्ट्रिंग आपटून चमकदार ओरखडा पडला होता, तो बोटाला जाणवत होता. मी बेसच्या बाजूला पिकअप पावणेतीन मिलिमीटरपर्यंत खाली घेतला, पातळ स्ट्रिंगच्या बाजूला दोनवर ठेवला, आणि तोच रिफ वाजवायला सांगितला. चार फटक्यांतच त्याने मान वर केली. मागवलेला पिकअप त्याने नंतर दुसऱ्या गिटारीत बसवला.

तुम्हीही तसंच मोजा: शेवटच्या फ्रेटवर दाबून, स्ट्रिंगच्या खालच्या कडेपासून पोलपर्यंत. ब्रिज पिकअपला बेसच्या बाजूला अडीच ते तीन आणि पातळ बाजूला दोन मिलिमीटर ही सुरुवात. मग अर्धा-अर्धा फेरा फिरवत कानाने ठरवायचं. सैल स्ट्रिंगच्या फार जवळ आलेला पिकअप फटक्याच्या पहिल्या क्षणाला सिग्नलचा डोंगर उभा करतो आणि पुढचं सगळं त्या डोंगराखाली गाडलं जातं. ड्रॉप ट्यूनिंगमध्ये बेसची बाजू थोडी जास्तच खाली ठेवावी असं माझं मत आहे, आणि ते वर्षानुवर्षांच्या कामातून बनलंय.

इंटरफेसवरही एक नजर टाका. गिटारसाठीचं, म्हणजे इन्स्ट्रुमेंट इनपुटचं बटण दाबलेलं हवं, आणि सगळ्यात जोरात मारलेल्या फटक्यालाही लाल दिवा लागता कामा नये. काही इंटरफेसमध्ये गेन अगदी शून्यावर असूनही जोरदार पिकअप इनपुटलाच कापला जातो. ते कापणं अँपच्या डिस्टॉर्शनसारखं गोड नसतं, ते कोरडं फाटतं. तुमच्याकडे आत्ताच लाल दिवा लुकलुकत असेल तर आणखी आउटपुटचा पिकअप घेणं म्हणजे त्याच खड्ड्यात आणखी खोल उतरणं. आणि सिम्युलेटरवरचा गेन एक-चतुर्थांश कमी करून बघा. मेटलमध्ये लागतो त्याहून कितीतरी जास्त गेन आपण घरी एकटे वाजवताना वापरतो.

तेव्हा आधी जाड स्ट्रिंग, मग उंची, मग इनपुट आणि गेन, आणि त्यानंतर इक्वलायझरची चाचणी, याच क्रमाने जा. इतकं करूनही, चाचणीत बेस कापल्यावर आवाज सुधारतोय आणि मूळ पिकअप एकटा तिथवर पोचत नाहीये असं दिसलं, तर पिकअप बदलणं योग्य. आता तिकडे वळू.

खरेदी करताना लोक सगळ्यात आधी किलो-ओहमचा आकडा बघतात, आणि तिथेच फसतात. तो आकडा कॉइलच्या तारेचा विरोध सांगतो, आवाजाचा जोर नाही. ४४ गेजची तार ४२ गेजपेक्षा बारीक. तेवढ्याच लांबीला तिचा विरोध सुमारे १.६ पट भरतो. म्हणजे १६ चा पिकअप ८ च्या पिकअपपेक्षा दुप्पट जोरात वाजतो असं मुळीच नाही. वेटोळी वाढली की आउटपुट वाढतं हे खरं, पण त्याबरोबर इंडक्टन्स वाढतो, वरची चमक खाली सरकते आणि मधला भाग फुगतो. ईएमजीसारख्या अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, पिकअपवर तर मल्टिमीटर लावून काहीच अर्थ निघत नाही, मध्ये प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) बसलेला असतो.

चुंबकाबद्दलही एक ढोबळ समज आहे: सिरॅमिक म्हणजे टाइट आणि तिखट, अल्निको म्हणजे गोल आणि मऊ. दिशा बरोबर आहे, पण चुंबक हा पाककृतीतला एक जिन्नस आहे. त्याच चुंबकावर कॉइल वेगळी गुंडाळली की पदार्थ बदलतो. तरी तुमच्यासारख्या बाबतीत, जिथे खालचा भाग आवरायचाय, मी यादी सिरॅमिकपासूनच सुरू करतो.

आधी ईएमजी ८१, कारण तुमच्या मनात तोच आहे. त्याच्यात सिरॅमिक चुंबक आहे, वेटोळी तुलनेने कमी, आणि आतच प्रीअँप. परिणाम असा की बेस आवरलेला, मधला भाग पुढे, फटका टोकदार, आणि गुणगुण अगदी कमी. लांब केबल लावली तरी वरची चमक मरत नाही. मेटॅलिकाचा जेम्स हेटफील्ड ८१ ब्रिजला आणि ६० नेकला वापरत आला, त्यामुळे या जोडीला मेटलमध्ये एक ओळख मिळाली. २०११ साली मेटॅलिका बंगळुरात वाजवून गेल्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा जण हीच जोडी मागत होता. तुमच्या दुखण्यावर हे औषध लागू पडेल यात मला शंका नाही. फक्त तीन गोष्टी मान्य असायला हव्यात. एक, हात हलका-जड केल्याचा फरक त्यात थोडा सपाट होतो; क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, वाजवताना काहींना तो कोरडा वाटतो. दोन, ९ व्होल्टची बॅटरी बसवायला पोकळीत जागा हवी, नसेल तर लाकूड कोरावं लागतं. केबल लावलेली राहिली की बॅटरी चालूच राहते, त्यामुळे वाजवून झालं की जॅक काढायची सवय हवी. तीन, पॉट (नॉबखालचे आवाज कमी-जास्त करणारे भाग) २५ किलो-ओहमचे आणि जॅक स्टिरिओ लागतो, जुने ५०० चे पॉट काढावेच लागतात. अस्सल सेटमध्ये हे सगळं सोबत येतं. नकली ईएमजी बाजारात खूप आहेत, फार स्वस्त दिसला तर हात लावू नका.

पॅसिव्हमध्ये राहायचं असेल, तर डंकनचा जेबी हे नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल. अल्निको ५ चा हा पिकअप मेगाडेथच्या मस्टेनसारख्या थ्रॅश वादकाने वर्षानुवर्षं वापरलाय आणि ई मध्ये, किंवा अर्धा सूर खाली, तो सुरेख चावतो. पण ड्रॉप सी मध्ये, बासवूडवर, त्याचा खालचा भाग मला सैल वाटतो, वरचा मधला भाग टोचतो. तुम्हाला तो मी सुचवणार नाही. डंकन डिस्टॉर्शन आणि नाझगूल हे दोन्ही सिरॅमिक, दोन्ही तुमच्या कामाचे. डिस्टॉर्शनमध्ये मधला भाग जास्त भरलेला, जुन्या थ्रॅशकडे झुकणारा. नाझगूल खालच्या ट्यूनिंगचा विचार करूनच बनवलेला, जास्त आवरलेला आणि धारदार. डिमार्झिओकडे बघायचं तर डी अॅक्टिव्हेटर. अॅक्टिव्हसारखा टोकदारपणा बॅटरीशिवाय मिळावा याच उद्देशाने तो बनवलाय, आणि ईएमजी आवडतो पण बॅटरी नको म्हणणाऱ्यांना मी तोच बसवून देतो. याच कंपनीचा १९७२ चा सुपर डिस्टॉर्शन हा बदलून बसवण्यासाठी म्हणून विकल्या गेलेल्या पहिल्या पिकअपपैकी. आजही जिवंत आहे, पण त्याची जाडी तुम्हाला नकोय.

हे सगळं तुम्ही काय वाजवता यावर मात्र फार अवलंबून आहे. तुम्ही वेगवान पाम म्यूट लिहिलंय म्हणून मी टाइट बाजूला झुकलोय. हेच कोणी डूम, म्हणजे संथ आणि जड मेटल, वाजवणाऱ्याने विचारलं असतं तर मी त्याला उलट दिशेला पाठवलं असतं. ब्लॅक सबाथच्या सुरुवातीच्या काळात गिटारवादक टोनी आयोमीच्या गिब्सन एसजीवर हंबकर नव्हतेच, सिंगल कॉइल होते. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती, म्हणून तो हलक्या स्ट्रिंग्ज लावायचा, आणि पुढे ट्यूनिंग खाली उतरवून त्याने मेटलचा पाया घातला. त्या संथ रिफना सैलपणाच शोभतो. स्टॉकहोमच्या डेथ मेटलवाल्यांनी बॉसच्या एचएम-२ पेडलचे चारही नॉब पूर्ण फिरवून करवतीसारखा आवाज काढला. तिथे पिकअप कुठला आहे हे शेवटी फारसं उरतच नाही.

आता बसवण्याचं. फ्लॉइडवर स्ट्रिंगमधलं अंतर जास्त असतं, म्हणून ब्रिजला रुंद पोलचा प्रकार घ्या: डंकनमध्ये त्याला ट्रेमबकर म्हणतात, डिमार्झिओमध्ये एफ-स्पेस्ड. अरुंद घेतला तर आवाज बंद पडत नाही, पण कडेच्या स्ट्रिंग्ज पोलच्या बाहेरून जातात, आणि तुमची सगळी लढाई कडेच्या स्ट्रिंगवरच आहे. पॅसिव्ह हंबकरला ५०० किलो-ओहमचे पॉट हवेत. आत आधी २५० चे असतील तर चमक दबलेली ऐकू येईल.

सोल्डर स्वतः करणार असाल तर वायरच्या रंगांवर विसंबू नका, कंपनीचा तक्ता समोर ठेवा. डंकनमध्ये काळी वायर गरम (सिग्नल नेणारी), लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या, हिरवी आणि उघडी तार अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल गरम, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी अर्थला. एकाच्या तक्त्याने दुसरा जोडला तर नीट वाजण्याची आशाच सोडा. असा उलटसुलट जोडलेला पिकअप, पोकळ आवाज, आणि ‘पिकअप खराब निघाला’ म्हणून परत करायला निघालेला मालक, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. पॉटच्या पाठीवर अर्थ जोडताना पाठ आधी बारीक पॉलिश पेपरने घासा, मोठ्या टोकाचं सोल्डरिंग आयर्न वापरा, आणि टाका चमकदार, पसरट बसला पाहिजे. गोल मण्यासारखा, दाणेदार, राखाडी टाका म्हणजे थंड सोल्डर. तो महिन्या-दोन महिन्यांनी खरखरायला लागतो.

आणि ब्रिजला जाणारी अर्थची वायर. पॅसिव्हमध्ये ती हवीच. ईएमजी मात्र ती काढून टाकायला सांगते, कारण त्यांच्या पिकअपला स्ट्रिंग अर्थ करायची गरज नसते. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसेल तर कुठलाही हंबकर थोडाफार गुणगुणणारच. स्ट्रिंगला हात लावल्यावर गुणगुण कमी होते की वाढते ते बघा. वाढत असेल, किंवा हाताला चुरचुर होत असेल, तर गिटार ताबडतोब काढून ठेवा आणि वायरमनला बोलवा.

तुम्ही थेट विचारलंय तर थेट सांगतो. तुमच्या जागी मी आत्ता दोन पिकअप घेतलेच नसते. तुमची तक्रार ब्रिजची आहे, नेकचा पिकअप सोलो आणि क्लीनसाठी चालतोय तोवर चालू द्यावा. फक्त ब्रिजला नाझगूल, रुंद पोलचा, ५०० च्या नव्या पॉटसह, आणि सोबत ५६ ची सहावी स्ट्रिंग. अॅक्टिव्हचाच आवाज तुमच्या कानात बसला असेल आणि बॅटरीचं करायची तयारी असेल, तर मात्र जोडीच घ्या. एक अॅक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह एकाच पॉटवर जोडण्याच्या फंदात पडू नका, दोघांना लागणारे पॉट वेगळे असतात आणि एकाचा तरी आवाज बिघडतो.

जुना ब्रिज पिकअप काढताना वायर मुळाशी कापू नका, पॉटवरून सोल्डर वितळवूनच सोडवा, म्हणजे पूर्ण लांबी शिल्लक राहील. कुठल्या रंगाची वायर कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. स्क्रू आणि स्प्रिंगसकट एका पाकिटात घाला, पाकिटावर तारीख लिहा. आणि जाड स्ट्रिंग लावल्यावर, उंची नीट केल्यावर जुन्याच पिकअपवर एक तुकडा रेकॉर्ड करून ठेवा. नव्याबरोबर तुलना करायला तोच उपयोगी पडेल. जमलं तर मलाही ऐकवा, दोन्ही ऐकून उंचीचा शेवटचा अर्धा फेरा कुठे फिरवायचा ते सांगता येईल.